मागचं कुरण

डॉक्टरिणीच्या घरात जेवताना घोड्याचं नाव काढायचं नाही, असा नियम होता. नियम तिच्या नवऱ्याचा. त्या बिचाऱ्याचं चष्म्याचं दुकान, आणि घोड्याचा नुसता केस दिसला तरी त्याला सटासट शिंका येत. पण नशीब असं, की आई घोडेस्वारी शिकवणारी, धाकटा भाऊ नालबंद आणि स्वतः पसंत करून केलेली बायको घोड्यांची डॉक्टर. तिघं टेबलाशी बसली की घास हातात आणि तोंडी जंत, लीद, सुजलेले गुडघे. शेवटी एकदा तो ताटावरून उठला आणि म्हणाला, "ह्या टेबलाचे चार पाय पुरेत. आणखी चार पाय इथे आणायचे नाहीत."

नियम सगळ्यांनी मनापासून पाळला. सूट होती ती एकट्या सासूबाईंना. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या घरातच होत्या, वॉकर धरून खोलीतून टेबलापर्यंत आणि टेबलापासून खोलीपर्यंत. त्यांच्या घोडीचा फोटो फोनवर यायचा. तो त्या सगळ्यांना दाखवायच्या आणि सगळे "वा वा" म्हणायचे.

घोडीला सगळे मास्तरीण म्हणत. सासूबाई मैदानात उभ्या राहून ओरडायच्या ते वेगळं, पण खोगिरावर नीट बसायला मुलांना खरं शिकवलं ते तिनेच. भेदरलेलं पोर पाठीवर असलं की ती पावलं मोजल्यासारखी टाकायची आणि आगाऊ पोर असलं की मुद्दाम कोपऱ्यात थांबून गवत खायची. म्हातारी झाल्यावर सासूबाईंनी तिला गावाबाहेर छोट्याकडे ठेवली. छोट्या त्यांचाच जुना विद्यार्थी, वर्गात सगळ्यात बुटका. आता तो दारातून तिरका होऊन आत येई, पण नाव तेच चिकटलेलं. काम करून थकलेल्या घोड्यांना तो सांभाळी, आणि लोक त्या जागेला कौतुकाने घोड्यांचा वृद्धाश्रम म्हणत. सासूबाईंचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास.

त्या दिवशी सुट्टी होती. जेवण चालू असताना सासूबाईंनी फोन पुढे केला. "बघा, नवी झूल घातलीय. ऐट बघा तिची!"

डॉक्टरिणीने सवयीने "वा" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. झूल छानच होती, निळी, काठाला पांढरी पट्टी. पण झुलीखाली पाय दिसत होते आणि पुढच्या पायाचा खूर टोकाशी वर वळला होता. ती दिराकडे बघून म्हणाली, "भावजी, हल्ली खूर असे तासायची फॅशन आलीय का?"

"चार पाय," नवरा ताटातून नजर न काढता म्हणाला.

दिराने फोन जवळ ओढला. "मी कुठे तासलेत? तुम्हीच ना सांगितलं हात लावू नका म्हणून?"

"मी? कधी?"

"छोट्या म्हणाला. वहिनी येऊन बघून गेल्या, म्हाताऱ्या घोड्यांच्या खुरांना सध्या हात नको म्हणाल्या. मला वाटलं असेल काही डॉक्टरी कारण. आपण कशाला नाक खुपसा?"

"मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही, भावजी! मला म्हणाला, भावजी महिन्याच्या महिन्याला येतात, डोळ्यात तेल घालून बघतात, काही वाटलं तर मीच बोलावतो. मी म्हटलं, घरचाच माणूस जातोय, मग काळजी कसली?"

एका छपराखाली राहणारी, एका भांड्यातलं जेवणारी दोन माणसं. एकाला दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याला पहिल्याचं, आणि दोघं निर्धास्त. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसेल. डॉक्टरिणीला हसू आलं नाही. तिला राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला, कारण दुसऱ्या कुठल्याही तबेल्यात नालबंद काय म्हणाला हे तिने त्यालाच विचारलं असतं.

सासूबाईंनी फोन उलटा करून ठेवला. नवऱ्याने ताट बाजूला सारलं आणि गाडीची किल्ली बायकोपुढे ठेवली. "जा तुम्ही दोघं. आईजवळ मी आहे."

फाटकातून आत शिरलं की पुढचं कुरण लागे. तिथे सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. हिरवं गवत, धुतलेले हौद, चकचकीत पाठींचे चार घोडे. भेटायला येणारी माणसं इथेच थांबत, फोटो काढत आणि समाधानाने घरी जात. छोट्या हात पुसत पुढे आला. दोघांना एकत्र पाहून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"वहिनी! आधी कळवायचं तरी. चहा ठेवतो, बसा."

"चहा नको. मास्तरीण कुठे आहे?"

"मागे. आत्ताच खाऊन उभी आहे, जरा विसावा घेऊ दे. मी आणतो ना तिला इकडे."

"आणू नका. आम्हीच जातो."

मागचं कुरण म्हणायचं ते नावाला. गवताची काडी नव्हती, चिखल मात्र घोट्यापर्यंत. हौदाच्या तळाशी हिरवं शेवाळलेलं पाणी. बाराजणं उभी होती, वाऱ्याकडे पाठ करून, आणि सगळ्यांच्या अंगावर निळ्या झुली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय बडदास्त आहे! डॉक्टरीण जवळ गेली. कुंपणाशी चघळून टाकलेले गवताचे बोळे पडले होते. म्हणजे दात गेलेले, घास चावता येत नाही, आणि भिजवून मऊ करून द्यायला कोणी नाही.

मास्तरीण टोकाला होती. डॉक्टरिणीने तिच्या मानेवर हात ठेवला, दोन शब्द बोलली आणि झुलीचा पट्टा सोडला. झूल चिकटली होती. ती ओली करून हळूहळू उचलावी लागली. खाली बरगड्या हाताने मोजता येत होत्या, कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते आणि खांद्यावर पट्ट्याने कातडं सोललं होतं. दिराने पाय उचलून पाहिला, पुन्हा हळूच खाली ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला. डॉक्टरिणीचे डोळे भरून आले. तिने ते बाहीला पुसले आणि नाडी बघायला घेतली. मग दुसरा घोडा, मग तिसरा. एकाही झुलीखाली वेगळं काही नव्हतं.

छोट्या मागे येऊन उभा होता. "मोतद्दार सोडून गेले हो, वहिनी," तो म्हणाला. "एकट्याच्या हाताने किती करणार? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता... आणि बघायला कोणी येतच नव्हतं. एकजण नाही."

"म्हणून झुली घातल्या?"

तो खाली पडलेली झूल गोळा करायला लागला.

डॉक्टरिणीने फोन काढला तशी त्याने तिचा हातच धरायचा बाकी ठेवला. "कुणाला लावताय? पशुसंवर्धन खात्याला? वहिनी, घरातली गोष्ट आहे. बाईंची घोडी तुम्ही आत्ता घेऊन जा. माझी गाडी देतो, कडबा अंथरून देतो, मी स्वतः सोडायला येतो. बाकीच्यांचं मी बघतो. शपथ."

दिराने तिला बाजूला घेतलं. "वहिनी, आधी आपली बाहेर काढू. एकदा अधिकारी आला की पंचनामा होईपर्यंत एकही जनावर हलवता येणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यात संध्याकाळ होईल. तेवढ्यात ही बसली आणि पुन्हा उठलीच नाही तर? आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि हीच अडचण होती. मास्तरीण आज गाडीत चढू शकली असती. संध्याकाळी चढेल की नाही, हे कोणताही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगू शकला नसता. डॉक्टरिणीने बाकीच्या अकराजणांकडे पाहिलं. पण तिला फार वेळ लागला नाही. तिला निर्णयाला कधीच फार वेळ लागत नसे. सासरचे त्याला आगाऊपणा म्हणत आणि तबेलेवाले देवाची कृपा.

"भावजी, आपली घेऊन आपण गेलो, तर ह्या अकराजणांना बघून गेलेली डॉक्टर मीच," ती म्हणाली. "आत्तापर्यंत तो खोटं सांगत होता की मी येऊन गेले. आता ते खरं होईल."

तिने फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याला एकेक गोष्ट नीट सांगितली, आपलं नाव सांगितलं, आपल्या नावावर काय खपवलं गेलं आणि आपण ते विचारून घेतलं नाही, हेही सांगितलं. काही हलवू नका, मी निघतोच, असं तो म्हणाला.

"आता उभं राहू नका," ती दिराला म्हणाली. "पुढच्या हौदातलं पाणी आणा, बादलीबादलीने. गवत कापून भिजत घाला. एकदम कुणालाही पोटभर द्यायचं नाही, उपाशी आतड्यांना ते झेपत नाही. मूठमूठ. मी सांगेन तेव्हा."

दीर बादल्या घेऊन पळाला. छोट्या मात्र कुंपणाला टेकून भलत्याच ठिकाणी फोन लावत होता. "बाई, तुमच्या सुनेला आवरा," तो म्हणाला. "माझं नाव मातीत जाईल. तुम्ही सांगितलं तर त्या ऐकतील." मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला आणि त्याने फोन खिशात टाकला. "बाई येताहेत," तो पुटपुटला.

त्या आल्या. नाकातोंडाला रुमाल बांधून नवऱ्याने गाडी थेट मागच्या कुरणाच्या कुंपणापर्यंत आणली आणि चिखलात फळ्या टाकल्या. फळ्यांवरून वॉकर टेकत, एका बाजूला शिंका देणारा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला सून अशा सासूबाई मास्तरिणीजवळ पोचल्या. त्यांनी काही विचारलं नाही. उघड्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्यांपाशी थांबवला, पुन्हा फिरवला.

"आज हलवता येईल?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पंचनाम्याआधी नाही, आई. मीच तसं केलंय. घेऊन जाता आलं असतं."

"बरोबर केलंस," सासूबाई म्हणाल्या. "आपली एकटीच नेली असतीस, तर मी तुला घरात घेतलं नसतं."

मग त्या छोट्याकडे वळल्या. तो एवढा थोरला गडी मान खाली घालून उभा होता, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा. सगळ्यांना वाटलं, आता बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार.

"घोड्यावर कसं बसायचं ते तुला मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "उतरल्यावर काय करायचं, ते शिकवायचं राहिलं रे माझ्याकडून."

छोट्या ढसाढसा रडला. कोणी त्याला उगी केलं नाही. दीर बादल्या वाहत राहिला.

अधिकारी दुपार कलताना आला. चिखल बघितला, हौद बघितला, एकेक झूल उचलून बघितली. मग कागद काढून म्हणाला, "इथल्या प्रत्येक घोड्याची ओळख लागेल. कोण सांगतंय?"

डॉक्टरिणीला मास्तरिणीपलीकडे दोघातिघांचीच नावं येत होती. दिराला त्याहून कमी. मालक तर कुठल्या कुठे होते. शेवटी छोट्याने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. नाव, वय, कुणाचा, आधी काय काम करत होता, कुठल्या पायाने लंगडतो. एकाही ठिकाणी अडखळला नाही. त्याला सगळं पाठ होतं. आणि ज्याचं नाव तो घेई, तो घोडा मान वर करून त्याच्याकडे बघे, कान टवकारून. त्यांना अजून वाटत होतं, हा खायला घेऊन आलाय.

अधिकाऱ्याचा हात लिहिता लिहिता थांबला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. बारावं नाव मास्तरिणीचं होतं. तिनेही मान उचलली, थरथरत्या पायांवर एक पाऊल त्याच्या दिशेने टाकलं आणि थांबली.

डॉक्टरिणीने भिजवलेल्या गवताची बादली उचलली आणि छोट्याच्या हातात दिली. "तक्रार मागे घेणार नाही मी," ती म्हणाली. "पुढे काय व्हायचं ते होईल. पण आत्ता द्या तिला. एक मूठ. जास्त नाही."

त्याने मूठ पुढे केली. मास्तरिणीने गवत ओठांनी चाचपलं आणि खायला लागली. डॉक्टरीण तिच्या गळ्याशी हात ठेवून प्रत्येक घास खाली उतरताना बघत राहिली. पाय थरथरत होते, पण टिकले होते, आणि टिकतील असं तिला आता वाटत होतं.

"उद्या किती वाजता येणार, वहिनी?" छोट्याने दबक्या आवाजात विचारलं.

"येणार," ती म्हणाली. "परवाही येणार. वेळ सांगणार नाही."