मापात पाप

हसणार नसाल तरच सांगते. हसणारच आहात, माहितीये मला, पण निदान शेवटपर्यंत कळ काढा.

तर आमची ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि चांगली वीतभर उंच. आणि चांगला कपडा वाया जाता कामा नये, हे आईचं ब्रीद. म्हणजे जन्मल्यापासून मी ताईच्याच कपड्यांत. आमच्या घरचा अल्बम उघडा. पान सातवर लाल ठिपक्यांचा फ्रॉक, आत ताई. पान अकरावर तोच फ्रॉक, आत मी. ठिपके तेवढे फिकट. एक मामा तर कित्येक वर्षं मला ताई समजायचा. त्याला वाटायचं, ही पोर वाढत का नाही?

आता कमावते, तरी तेच. सवय, दुसरं काय! पण दोन महिन्यांपूर्वी आमच्या चष्म्याच्या दुकानात सर म्हणाले, "दुकानाला पंचवीस वर्षं होतायत. आपला सगळ्यांचा एक फोटो काढू आणि भिंतीवर लावू. मोठ्ठा!" झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. भिंतीवर, रोज, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, आणि त्यातही मी ताईच्या कपड्यांत? अजिबात नाही. या फोटोत माझ्या अंगावर असं काहीतरी असणार, जे माझ्याआधी कुणाच्याच अंगाला लागलेलं नाही.

"मग विकत आण की," आई म्हणाली. तुम्हीही तेच म्हणणार. पण विकतचा टॉपही तिथे दहा जणींनी अंगात घालून बघितलेला असतो ना! आणि आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या काकू आहेत, आम्ही त्यांना काचकाकू म्हणतो, त्या जेवणाच्या सुट्टीत क्रोशाचं विणतात. मी म्हटलं, "काकू, मला शिकवा. मी स्वतःसाठी टॉप विणणारे."

"आधी रुमाल विण."

"नाही, टॉप."

"रांगता येईना आणि म्हणे पळायची शर्यत! बरं, बस."

मग साखळी, खांब, मुका खांब, असे एकेक टाके. मी विचारलं, "मुका का म्हणतात याला?"

"तो गप उभा राहतो म्हणून. तुला जमायला जरा वेळ लागेल."

पहिला आठवडा नुसती साखळी. ती इतकी घट्ट की सुई आत शिरेना. काकू म्हणायच्या, "पोरी, लोकर आहे ती, चोर नव्हे. गळा काय आवळतेस?" पण मग हात बसला. जाड शेवाळी लोकर आणली आणि काकूंनी सांगितलं, "तुला सगळ्यात चांगला बसणारा टॉप आण आणि त्याच्यावरून माप घे."

आता माप म्हटलं की मी! मी दिवसभर करते काय? लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजते. मिलिमीटरमध्ये! अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक जिन्यावरून गडगडेल. मी माझा लाडका मोहरी रंगाचा टॉप टेबलावर पसरला, दुकानातलीच पट्टी घेतली आणि छाती, खांदा, बाही, उंची सगळं चोख लिहून काढलं. काकू म्हणाल्या, "बाई, तू तर इंजिनिअर निघालीस."

पाच आठवडे विणत होते. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या. फोटो सोमवारी आणि शनिवारी दुपारी शेवटचा टाका घातला. घरी आले, आई आणि ताईला समोर बसवलं, आत गेले, टॉप घातला आणि ऐटीत बाहेर आले.

 ताईच्या नाकातून एक बारीक आवाज आला.

बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. खांदे दंडावर. गळा असा की आत आणखी एक डोकं सहज मावेल.

"अगं माकडा," ताई म्हणाली, "माप कुणाचं घेतलंस?"

"माझ्याच टॉपचं! मोहरी टॉपचं!"

"तो माझा आहे."

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. तो टॉप मी चार वर्षं घालतेय, बाह्यांना दोन घड्या मारून आणि गळ्याला आतून पिन लावून! इतकी सवय की घड्या आणि पिन मला दिसतच नाहीत. टेबलावर पसरताना पिन काढली, घड्या उलगडल्या, इस्त्रीसुद्धा केली, तरी डोक्यात प्रकाश नाही! दुसऱ्यांना चष्मे देते मी!

"दे बघू," ताई म्हणाली आणि तिने तो घातला. अहो, काय सांगू! जणू तिच्यासाठीच विणलेला. आरशासमोर एक गिरकी घेतली तिने. छानच दिसत होती, तोच तर त्रास.

आई म्हणाली, "किती शोभतोय गं तिला! तो तिलाच राहू दे. तू काय, फोटोत तिचा निळा घाल."

"नाही."

मलाच दचकायला झालं. आमच्या घरात हा शब्द मी कपड्यांच्या बाबतीत कधी काढलेलाच नव्हता. "हा माझा आहे. मी उसवणार, पण माझाच करणार."

ताईने टॉप काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली. मला वाटलं, चिडली. तर आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली.

"हात वर कर. आता जिवंत माणसाचं माप घेऊ."

आणि माप घेताघेता म्हणते, "मला वाटायचं, तुला माझे कपडे आवडतात. एवढी नाचायचीस प्रत्येक वेळी! मी तर माझे दोन टॉप स्वतः न घालता तुझ्यासाठी जपून ठेवलेत."

"अगं मग मला नवेच द्यायचे ना!"

"नवे कसे देणार? तुला जुने आवडतात ना!"



मग तिने दोन्ही हात पुढे केले, मी टाके उसवत गेले आणि लोकर तिच्या मनगटांवर गुंडाळत गेले. पाच आठवड्यांचं काम तासाभरात सर्रकन गेलं. रविवारी उजाडल्यापासून बसले. ताईने चहा हातात दिला, जेवताना घास भरवले, वर टोमणेही मारले. संध्याकाळी झाला किती? फक्त पुढचा भाग.

"फोटो पुढूनच काढतात ना?" ताई म्हणाली.

म्हणून सोमवारी मी साधा पांढरा शर्ट घातला, त्यावर शेवाळी पुढचा भाग, आणि ताईने पाठीमागे साखळीच्या सहा नाड्यांच्या गाठी मारून दिल्या. पुढून बघाल तर एकदम राणी. मागून गाठोडं.

दुकानात मी भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी सरकत होते. सर म्हणाले, "वा! स्वतः विणलास?" काचकाकूंनी एका नजरेत ओळखलं, पण मुक्या खांबासारख्या गप्प राहिल्या. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, जरा तिरक्या व्हा." मी म्हटलं, "जमणार नाही, मान आखडलीये." खटाक! निघाला फोटो. खांदे खांद्यावर, गळा गळ्याशी, आणि आत मी.

तेवढ्यात एक आजोबा दारातून आत आले आणि म्हणाले, "ती वरच्या फळीवरची काळी फ्रेम दाखवता का?"

फळी माझ्या मागे. सवयच ना, वळले मी!

 सर खोकले. काचकाकू तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. आणि आजोबा डोळे बारीक करून काळजीने म्हणाले, "बाळा, तुझ्या टॉपला मागची बाजूच नाहीये गं."

मी फ्रेम काढली, पुसली, त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ती तयार व्हायचीये आजोबा. गुरुवारी या."