तीनशे वेळा इंगीह

मी इंडोनेशियातल्या मेदान शहरची, बाटक समाजातली बाई. आमच्याकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. जावा बेटावरच्या योग्यकार्तात, हळू बोलणाऱ्या जावानी लोकांना विद्यापीठात चार वर्षं शिकवूनही माझा आवाज काही खाली आला नाही.

सरकार, ॲप आणि धंदा या तिघांचं काय साटंलोटं चालतं, हा माझा विषय. सवारी नाकारली की बाइक-टॅक्सीवाल्याचे गुण कापायचे, असा नियम एका ॲप कंपनीनं आणला. चालकांना तो मान्य आहे का, हे विचारत मी सहा महिने नाक्यानाक्यावर फिरले. तीनशे मुलाखती, सगळ्या मी स्वतः घेतलेल्या. जवळजवळ सगळे म्हणाले, "इंगीह, बू." म्हणजे हो, मॅडम. मी बिनधास्त लिहून टाकलं की चालक राजी आहेत. शोधनिबंध स्वीकारला गेला. प्रोफेसर व्हायला तेवढाच एक कमी होता.

पुढच्याच सोमवारी झाडून सगळ्या चालकांनी ॲप बंद केलं आणि गव्हर्नरच्या कचेरीसमोर ठाण मांडलं. पहिल्या रांगेत आमच्या विद्यापीठाच्या नाक्यावरचे पाक वागिमान. इथे पुरुषाला आदरानं पाक म्हणतात. माझी पहिली मुलाखत त्यांचीच.

"पाक, तुम्ही तर हो म्हणाला होतात!"

"मी इंगीह म्हणालो, बू."

"मग? तेच ना?"

ते चक्क लाजले. शेजारचा चालक फिसकन हसला. "सांगा की आता बूंना!"

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या, उन्हातून चालत आलेल्या. तोंडावर नाही कसं म्हणायचं? इंगीह म्हणजे... ऐकलं तुमचं. एवढंच."

"तीनशे जणांनी नुसतं ऐकलं?"

"कंपनीच्या साहेबालाही आम्ही हेच म्हणालो होतो. तो तर तेवढ्यावर सरकारची मंजुरी घेऊन आला."

मी मटकन त्यांच्याशेजारी बसले. खरं सांगते, घरी जाऊन रडले. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण जी चूक कंपनीची, तीच माझी. तिच्यावर प्रोफेसर होऊन मी वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहणार होते? निबंध मागे घेतला.

मग नवा लिहायला घेतला. नाक्यावरच्या इंगीहचा कंपनीत पोचता पोचता होकार कसा होतो आणि मंत्रालयात गेल्यावर कायदा कसा होतो, त्याबद्दल. पहिल्याच पानावर माझी फजिती. लिहिताना इतकी मजा मला कधीच आली नव्हती.

डीन पाक प्रसोजो अस्सल जावानी. त्यांना विचारलं, "पुढच्या वर्षी माझं प्रोफेसरपद नक्की ना?"

ते गोड हसले. "इंगीह, बू."

मी तशीच नाक्यावर गेले. पाक वागिमान तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या गरम वड्या, खात बसले होते. सरकून त्यांनी मला जागा दिली.

"काय म्हणाले डीन?"

"इंगीह."

सगळा नाका खो खो हसला. फक्त पाक वागिमान हसले नाहीत. गोड चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवत त्यांनी हळूच विचारलं, "आमच्यापायी झालं हे. वाईट वाटतंय का, बू?"

"नाही," मी म्हणाले.

आणि आमच्याकडे नाही म्हणजे नाही.