एक पडली तरी दुसरी सांभाळते

क्रांतीच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालायचं. दहिवडीच्या मेंढपाळ संस्थेसाठी तिनं कळपांच्या वंशावळीचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. एका कंटेनरात, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र डब्यात, फॉर्म, दुसऱ्यात माहितीचा साठा, तिसऱ्यात लसीकरणाचे निरोप. पण ती फलटणला घरी गेली की काम बंद. "तुमचा लॅपटॉप मिटला की आमच्या मेंढ्या झोपत्यात," असा टोमणा अध्यक्ष मारायचे. शेवटी आषाढात तिनं कचेरीतले तीन जुने संगणक जोडून क्लस्टर उभं केलं आणि तिन्ही कंटेनर त्यावर बसवायला घेतले.

लॅपटॉपवर एका फाइलीत मावलेलं इथं अकरा फायलींत लिहावं लागलं. साठा कायमचा कुठं ठेवायचा, तेवढं काही केल्या जमेना. तीन दिवस डोकं आपटून तिनं तिथं तात्पुरती जागा लिहिली. आधी चालू तर होऊ दे, नंतर बघू. या 'नंतर'नं आजवर कुणाचं भलं केलंय? पण शहाण्या माणसाला सांगायचं कुणी!

मग ती रोज बिराप्पाआबांच्या वस्तीवर जाऊ लागली. आबांच्या कळपात सातशे मेंढ्या, आणि प्रत्येकीची आई, आजी, पणजी त्यांना तोंडपाठ. कोणता नर कोणत्या मेंढीला लावायचा नाही, हे त्या एका डोक्यात होतं. ते चुकलं तर नात्यातच पैदास होऊन कोकरं अधू निपजतात. मुलगा जोतिबा एकेक मेंढी धरून आणायचा, आबा सांगायचे, क्रांती टिपायची आणि ते थेट कचेरीतल्या साठ्यात जाऊन बसायचं.

"वहीतबी लिव की, पोरी," आबा एकदा म्हणाले.

"वही भिजते, आबा. तिथं तीन मशिनी आहेत. एक पडली तरी दुसरी सांभाळते."

"मंजी कळपागतच की!" आबा खूश झाले.

सातशेवी मेंढी टिपून झाली आणि भाद्रपदात आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बरं झालं, पोरीनं सगळं उतरवून घेतलं, असं जो तो म्हणाला. क्रांतीला रडू आलं आणि थोडा अभिमानही वाटला.

खंडेनवमीला कचेरीतून शिपाई नाथाजीचा फोन आला. "ताई, मशिनी पुजायच्या हाईत. बंद करू का?"

"करा की. फक्त एकेक करून करा."

नाथाजीनं पहिला संगणक बंद केला, पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. त्यात तास गेला. तेवढ्यात तो संगणक मेला असं धरून क्लस्टरनं साठ्याचा कंटेनर दुसऱ्यावर नव्यानं उभा केला, कोरा करकरीत. पहिला पुन्हा चालू झाल्यावर तिथली तात्पुरती जागा क्लस्टरनं झाडून साफ केली. क्रांतीनं लिहून दिलं होतं, अगदी तेच त्यानं केलं.

दसऱ्याच्या सकाळी तिनं फॉर्म उघडला. मेंढ्या: शून्य. दोन दिवस तिनं तिन्ही संगणक पालथे घातले. पुण्याच्या मित्रानं फोनवर एकच विचारलं, "बॅकअप?" तो तिनं कधी घेतलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती वस्तीवर गेली. कळप कोकणाकडं निघायच्या तयारीत होता. नर कुठले वेगळे काढायचे, हे विचारायला जोतिबा तिचीच वाट बघत होता. तिनं सगळं सांगितलं. आपलीच चूक, हेही सांगितलं.

"परत न्हाई यायचं?" जोतिबानं विचारलं.

"नाही."

बाजेवर आबा ऐकत होते. त्यांनी डावा हात हलवून समोरची मेंढी जवळ बोलावली, तिचा कान चाचपला आणि तोंड उघडलं. "आं... आं..." जीव एकवटून ते सांगत होते. सांगून झाल्यावर त्यांनी क्रांतीच्या लॅपटॉपकडं बोट दाखवलं. जोतिबानं दुसरी मेंढी आणली. आबांनी तिचाही कान चाचपला. "आं... आं..."

क्रांतीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. तिला लाज वाटत होती, आणि उठून जाताही येत नव्हतं.

जोतिबानं तिसरी मेंढी पुढं ओढली आणि तोंड फिरवलं.

"लिवा की, ताई," तो म्हणाला. "आबा सांगत्यात."