न मांडलेली दुरुस्ती

"अरे, बोल की! मिठाची गुळणी धरलीस का?"

शाळेच्या खिडकीशी उभं राहून ताई ओरडायची. हजेरीत गुरुजी माझं नाव पुकारत नि माझी जीभ टाळूला चिकटे. मग बाहेरून तीच सांगायची, "हजर आहे हो तो!" अख्खा वर्ग खो खो हसायचा.

ती ताई तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. वाफेनं नि जंतुनाशक पाण्यानं तिच्या बोटांची सालं निघाली, तळव्यावर रेघ म्हणून उरली नाही. त्या हातांच्या कमाईवर मी शिकलो, खासदार झालो.

कामगार सुरक्षेचं विधेयक सभागृहात मांडलं गेलं, समितीकडे गेलं, दोन महिन्यांनी परतलं. कलम नऊमध्ये गिरण्या होत्या, भट्ट्या होत्या, धुलाईघरं नव्हती. ती घालावीत म्हणून मी दुरुस्तीची सूचना दिली. छापील यादीत माझं नाव आलं, तेव्हा ताईनं आधी हात कोरडे केले, मग तो कागद धरला.

कलमवार चर्चेच्या दिवशी पक्षाचे प्रतोद कानाशी लागले. "विधेयक आहे तसंच जाऊ द्या. तेवढं गप्प बसा, पुढच्या समितीचं अध्यक्षपद तुमचं."

सभापतींनी माझं नाव पुकारलं. "दुरुस्ती मांडता?"

मी समोरच्या पेल्यातलं पाणी बघत बसलो. खिडकीत कुणी नव्हतं.

"दुरुस्ती मांडलेली नाही," सभापतींनी जाहीर केलं. मग 'होय'ची एक लाट उठली, कलम मंजूर.

घरी ताईला सांगितलं, "दुरुस्ती पडली गं. मतं कमी पडली."

आज ताई आली, धुलाईघरातल्या दोघींना घेऊन. विधेयक आता वरच्या सभागृहात आहे. तिथल्या एका सदस्यबाईंना त्या भेटून आल्या होत्या.

"बाई म्हणाल्या, खाली मतदानात हरलेलं मी कशाला उकरू?" ताईनं उसासा टाकला. "जाऊ दे. तू लढलास, तेच पुष्कळ."

"ताई सांगते, लहानपणी तोंडातून शब्द फुटत नव्हता तुमच्या," एक जण हसली. "आता बघा, सभागृह गाजवता!"

मला मान वर करवेना. ताईनं पाण्याचा पेला उचलला, दोन्ही हातांनी; एका हातानं तिला आता धरवत नाही.

"ताई, पुन्हा जा त्या बाईंकडे. दुरुस्तीवर मतदान झालंच नव्हतं. माझं नाव पुकारलं होतं. मी हजर होतो गं. उठलो नाही."