मुंगी पास होते

क्लचबाईंच्या हाताखालून गेलेला माणूस लायसन्सच्या परीक्षेत नापास झाला, असं कधी घडलं नव्हतं. पुढे तो माणूस गाडी कशी चालवतो हा प्रश्न वेगळा, आणि तो विमा कंपनीचा होता. बाईंचं काम परीक्षेपर्यंत. इन्स्पेक्टर गाडी कुठल्या फाटकातून बाहेर काढायला लावतो, कुठल्या वळणावर मुद्दाम खोकून लक्ष उडवतो, सगळं त्यांना तोंडपाठ. रिव्हर्स पार्किंग शिकवताना त्या सांगायच्या, "हिरव्या कचरापेटीचं टोक आरशात दिसलं की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. का, ते विचारायचं नाही." एकदा सफाई खात्याने ती कचरापेटी हलवली, तेव्हा बाईंनी खात्याकडे इतक्या खेपा घातल्या की पेटी मूळ जागी परत आली. मग दोन शिकाऊ त्याच आठवड्यात पास झाले.

शेजारच्या सीटवरून त्या सतत "क्लच! अहो, क्लच!" असं ओरडत, म्हणून हे नाव.

अशा बाईंच्या पोटी मुंगी जन्माला आली. तिचं शाळेत घालायचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ती खोली कधी मधून ओलांडायची नाही, भिंतीच्या कडेकडेने जायची, म्हणून मुंगी. वय साडेचार. मुंगी बोलायची, पण माणसांशी नाही; गाडीच्या वायपरशी तासन्‌तास बोलायची. "पाणी हवं?" विचारलं तर "पाणी हवं?" एवढंच म्हणायची, आणि तहान लागली आहे की नाही हे पेला पुढे करूनच कळायचं. गर्दीत गेली की जमिनीवर आडवी व्हायची. अचानक हात धरला तर चावायची. त्यात राग नसायचा. स्टेपलर चावतो तशी चावायची.

"लाजाळू आहे," असं क्लचबाई सगळ्यांना सांगत. डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं. डॉक्टरांनी वेगळं काहीतरी सांगितलं, त्याचं नाव लिहून रिपोर्ट दिला, आणि बाई दारातून वळून म्हणाल्या, "म्हणजे लाजाळूच ना?"

मुंगीचा बाबा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा. दिवसभर भिंगं बदलून बदलून "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" असं विचारायचा. हा प्रश्न घरी विचारायची मात्र त्याची हिंमत होत नव्हती. त्याच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे क्लचबाईंच्या वन्संना, सगळं आधीच स्पष्ट दिसत होतं.

"आमच्याकडे सगळे उशिराच बोलले," वन्सं म्हणाल्या. "हिचा बाबा तर सहा वर्षांचा होईतो मुका होता. आता बघ!"

"आता तरी कुठे बोलतो?" क्लचबाई म्हणाल्या.

बालवाडीचा अनुभव घेऊन झाला होता. तिच्या फाटकावर 'प्रत्येक मूल एक फूल' असं रंगवलेलं होतं. मुंगीला तिथे थोडेच दिवस झाले असतील, तोच तिथल्या ताईंनी आईबापांना बोलावलं आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "तुमचं फूल फारच वेगळं आहे हो. त्याला आमच्यापेक्षा चांगली बाग मिळायला हवी." चांगली बाग कुठे आहे, ते त्यांना माहीत नव्हतं. फी परत करण्याच्या बाबतीत त्यांना एवढं भरून आलं नाही.

मग काचेची शाळा. ही शाळा खरोखरच काचेची होती; आत कोण काय शिकतंय ते रस्त्यावरून दिसायचं, शिकतंय की नाही एवढंच दिसायचं नाही. तिथल्या संचालकांनी दोघांना कॉफी पाजली आणि 'शांतता कोपरा' दाखवला. भेदरलेल्या मुलांनी तिथे जाऊन बसायचं, अशी कल्पना. सध्या तिथे झेरॉक्सचं मशीन बसलेलं होतं.

"आमच्याकडे सगळ्या मुलांचं स्वागत असतं," संचालक म्हणाले. "प्रवेश मात्र मुलाखतीनंतर."

"मुलाखतीत काय विचारता?" बाईंनी विचारलं.

"छे, काही नाही. गप्पा मारतो."

या गप्पांमध्ये सात प्रश्न असतात आणि ते सगळ्या शाळांत तेच आणि त्याच क्रमाने विचारतात, ही बातमी वन्संनी आणली. ती ऐकताच क्लचबाईंचे डोळे चमकले. इतके दिवस त्या चाचपडत होत्या, कारण आपल्या पोरीला काय हवं आहे हे त्यांना कळत नव्हतं. आता पुढे परीक्षा होती. परीक्षा म्हटली की बाईंना कोणाचा धाक नव्हता.

शिकवणी उभ्या गाडीत सुरू झाली. मुंगी पुढच्या सीटवर, आई स्टिअरिंगमागे. बरोबर उत्तराला वायपरची एक फेरी. "तुझं नाव काय?" उत्तर, फेरी. "वय किती?" उत्तर, फेरी. पुढे बाईंनी वायपर बंद केला आणि त्याऐवजी प्रश्न विचारताच आपली तर्जनी काचेसमोर इकडून तिकडे फिरवायला सुरुवात केली, आणि मुंगीने तीही चालवून घेतली. महिनाभरात सात प्रश्नांची सात उत्तरं अशी खणखणीत येऊ लागली की ऐकणाऱ्याने टोपी काढावी. फक्त प्रश्न कोणता आहे याच्याशी मुंगीचा संबंध नव्हता. तो कितवा आहे एवढ्याशीच होता.

"अगं, पण तिला कळतंय का काही?" बाबाने विचारलं.

"माझ्या कुठल्या शिकाऊला कळतं?" बाई म्हणाल्या. "पास होतात की नाही?"

पण घोडं पेंड खातं ते नेमकं अशाच वेळी. काचेच्या शाळेतल्या जागा गप्पा मारण्याआधीच भरल्या. संचालकांनी तसं कळवलं आणि स्वागत कायम असल्याचंही कळवलं.

तिसरी शाळा बाबाने शोधली. फर्निचरच्या कारखान्यामागे, जुनी, बसकी, व्हार्निशच्या वासाने भरलेली. वर्गात मोजकी मुलं आणि दोन शिक्षिका. त्यातली एक फक्त मुंगीसारख्या मुलांच्या शेजारी बसायला. अशा मुलांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या, आणि त्यातली एकच उरलेली.

"इथे काही शिकवून न्यायचं नाही," बाबा जिना उतरता उतरता म्हणाला. एवढं लांब वाक्य तो सहसा बोलत नसे. "जशी आहे तशी न्यायची. इथे नाही झालं तर पुढे कुठे जायचं ते मला माहीत नाही."

"एवढं कळतं मला," बाई म्हणाल्या. आणि खरंच कळत होतं.

मुख्याध्यापिकांची खोली लहान होती. त्या स्वतः थोराड होत्या, आणि इतक्या वर्षांत इतके आईबाप बघून त्यांचा चेहरा जकातनाक्यावरच्या माणसासारखा झाला होता. मुंगी खुर्चीत बसली. मुख्याध्यापिका पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "तुझं नाव काय गं?"

क्लचबाईंनी ठरवून काही केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण समोर तपासणारा, शेजारी आपला शिकाऊ आणि हवेत पहिला प्रश्न. वीस वर्षांची सवय. त्यांची तर्जनी मांडीवरून उठली आणि इकडून तिकडे गेली.

मुंगीने नाव सांगितलं. मग वय. मग आवडता रंग, आई काय करते, बाबा काय करतो, गाय कशी ओरडते. शेवटी "शाळेत यायला आवडेल का?" या प्रश्नाला ती "हो, खूप आवडेल, थँक्यू," असं म्हणाली. या वाक्यातला 'थँक्यू' बाईंनी शेवटच्या आठवड्यात जोडला होता. बाबा आधी मुंगीकडे बघत होता, मग बायकोच्या बोटाकडे. त्याने डोळे मिटले.

मुख्याध्यापिका मागे रेलल्या. "अभिनंदन. मुलगी अगदी व्यवस्थित आहे. आमच्या जागेची तिला गरज नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून नेमकं दाखवता येणार नाही.

"नाही हो, बाई, तिला काहीच येत नाही!" क्लचबाई किंचाळल्या. "म्हणजे, हे येतं. बाकी काही येत नाही. ती चावते!"

"आत्ता तर नाही चावली."

"रिपोर्ट आहे आमच्याकडे," बाबा म्हणाला.

"रिपोर्ट सगळ्यांकडे असतो." मुख्याध्यापिकांनी कपाटाकडे मान वळवली. कपाटाचं दार फायलींमुळे लागत नव्हतं. "मोजकी मुलं, दोन शिक्षिका. धडधाकट मुलांच्या आईबापांनाही हा वर्ग हवा असतो. म्हणून नाटकं करून येतात. तुम्हीच सांगा, मी कोणाचं खरं मानू?"

"क्रम बदलून विचारा," बाबाने धीर केला. "गाय आधी विचारा."

मुख्याध्यापिकांनी गाय आधी विचारली. मुंगीने आपलं संपूर्ण नाव सांगितलं.

"हेही शिकवता येतं, साहेब. गेल्या वर्षी एकांनी मुलाला प्रत्येक प्रश्नाला 'पोपट' म्हणायला शिकवलं होतं. पोरगा इतका हुशार, की निघताना मला म्हणाला, 'बरोबर केलं ना मी?'"

मुख्याध्यापिका समोरची फाईल मिटायला लागल्या. ती मिटली की संपलं, हे क्लचबाईंना कळलं. इन्स्पेक्टर पेनाला टोपण घालतो तो क्षण त्यांना चांगला ओळखीचा होता. एरवी अशा वेळी त्या शिकाऊच्या वतीने काहीबाही बोलून जात. आज तोंड उघडलं तर आवाज ओरडायचा येईना, साधाच आला.

"ती लाजाळू नाही," त्या म्हणाल्या.

बाबाने त्यांच्याकडे बघितलं.

"मागे बागेत ती माझ्या हातातून सुटली आणि एका परक्या कुटुंबामागे निघाली. त्यांच्या बाबागाडीचं चाक कुरकुरत होतं, म्हणून. मी हाका मारत होते. मुंगी म्हणून मारल्या, नावाने मारल्या. कान चांगले आहेत तिचे. पण हाक आपल्याला मारतात, हेच तिला माहीत नाही. ते लोक मला म्हणाले, ही तुमची आहे का? आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की, मला 'हो' म्हणायची लाज वाटली." त्यांनी नाक पुसलं. "आत्ता तुमच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं तिने माझ्या बोटाला दिली. हे बोट. मी लोकांना परीक्षा पास करून देते, एवढंच येतं मला. पुढे रस्त्यावर त्यांचं काय होतं, ते मी आजवर बघितलेलं नाही."

"हात खाली ठेवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

क्लचबाई दोन्ही हातांवर बसल्या. मुख्याध्यापिकांनी मुंगीला नावाने हाक मारली. पुन्हा मारली. मुंगी खिडकीच्या काचेवरून ओघळणाऱ्या एका थेंबाशी काहीतरी बोलत होती.

मुख्याध्यापिकांनी फाईल पुन्हा उघडली. मग त्यांच्या जकातनाक्याला कुठेतरी बारीक हसू फुटलं.

"नाटकवाले पोराला नापास व्हायला शिकवून आणतात," त्या म्हणाल्या. "पास करून आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. एवढा मूर्खपणा कोणी मुद्दाम करणार नाही. सोमवारपासून पाठवा. तुम्ही मात्र फाटकाच्या बाहेर. बोटासकट."

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "काय झालं गं? झाली का पास?"

"झाली होती हो. कशीबशी नापास करून घेतली. मिळाली जागा."

वन्संनी फोन भावाकडे द्यायला सांगितला.

सोमवारी क्लचबाईंनी सगळ्या शिकवण्या रद्द केल्या आणि डोक्यावर 'शिकाऊ' लिहिलेल्या गाडीत शाळेसमोर बसून राहिल्या. पार्किंगची जागा नव्हती. एकाने येऊन हॉर्न वाजवला, तर त्यांनी त्यालाच क्लच कसा सोडावा ते सुनावलं. आतून कधी गाण्याचा आवाज आला, कधी रडण्याचा. रडणारी मुंगी नव्हती. मग एकदम काहीच आवाज येईनासा झाला, आणि ते त्यांना सगळ्यात कठीण गेलं.

शाळा सुटली. मुंगी भिंतीच्या कडेकडेने आली आणि आईच्या शेजारून सरळ गाडीत जाऊन बसली. मागून मुलांच्या शेजारी बसणारी ती शिक्षिका आली. तरुण मुलगी, गुडघ्यांवर आणि कोपरांवर धूळ, केसांत खडूची पूड.

"काय विचारलंत हो तिला आज?" क्लचबाईंनी विचारलं.

"काही नाही विचारलं. दिवसभर टेबलाखाली बसली होती."

बाईंचा चेहरा उतरला. "आणि तुम्ही?"

"मी पण." शिक्षिकेने गुडघे झटकले. "जागा फार कमी आहे हो तिथे. उद्या सकाळी जरा कमी खाऊन येते."