सरकता बिंदू

बाईंनी खडू खाली ठेवला, लॅपटॉपवर बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर अर्धवर्तुळ उमटलं. त्याच्या कडेवरचा बिंदू त्यांनी डावीकडे सरकवला, मग उजवीकडे. आतला त्रिकोण लांबट झाला, बुटका झाला. बिंदूपाशी लिहिलेला नव्वदचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

"घरी दिसतंय ना गं?"

"दिसतंय, बाई. पण तुम्ही एकट्याच खेळताय. मलाही द्या की!" पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून मुलगी म्हणाली.

वर्ग हसला. जिन्यावरून पडल्यापासून तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिचं वर्ष वाया जाणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. बाईंना ते पटेना. पण खडूवर उभी हयात काढलेल्या बाईंना साधी लिंक पाठवायची म्हटली तरी घाम फुटायचा. शेवटी त्यांनी नणंदेला गाठलं.

"वहिनी, दाबा बिनधास्त. चावत नाही ते."

"आणि बिघडलं तर?"

"फळ्यावर चुकलं की काय करता? पुसता, परत काढता. तसंच!"

एवढं मात्र बाईंना पक्कं समजलं. पहिल्या दिवशी आवाजच पोचला नाही. नंतर एकदा अख्खा तास मुलीला वर्गातलं छत दिसत राहिलं. मुलं हसली, बाईही हसल्या आणि परत जोडणी केली. आता तर रात्री सुचलेली आकृती त्या सकाळी स्वतःच तयार करून आणत.

शिपाई दारात आला. "बाई, ऑफिसात बोलावलंय."

"घे, आता तू चालव," बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या आणि बिंदू मुलीच्या हवाली करून गेल्या.

ऑफिसात मुलीचे वडील बसले होते.

"यंदा राहू दे, बाई. घरी बसून कसलं शिक्षण? पुढच्या वर्षी परत त्याच वर्गात बसवू."

बाईंनी वाद घातला नाही. "चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणाल्या.

वर्गाबाहेर गलका ऐकू येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. ऐकू आला तो एकटीचा आवाज. मागच्या दारानं दोघं आत शिरले आणि शेवटच्या बाकावर कसेबसे मावले. एवढ्या मागचं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात येत नव्हतं.

"केंद्रापासून इथपर्यंत रेघ जोडली. झाले की नाही दोन त्रिकोण? आता यातले हे दोन कोन सारखे," मुलगी सांगत होती. पडद्यावर तिची रेघ ठाम उमटत होती. वडील पुढे झुकले.

"सारखे कशावरून?" बाईंनी न राहवून विचारलं. त्यांचा आवाज पुढपर्यंत जेमतेम पोचला.

"मागून कोण बोलतंय? विचारायचं असेल तर आधी हात वर!"

पुढच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. बाईंनी निमूट हात वर केला.

क्षणभरानं शेजारी वडिलांनीही केला.