त्यात चहा नाही

मी एक थर्मास. बाहेरून निळा, आतून काचेचा, आणि बरेच दिवस कपाटावर आडवा पडलेला. माझ्याशी कोणी बोलत नाही, तेव्हा म्हटलं आपणच बोलावं.

कारखान्यात माझ्या काचेला चकाकी चढवली, पत्र्याच्या अंगात मला बसवलं आणि एका कामगाराने टिचकी मारून पाहिली. "ठणठणीत आहे," म्हणाला. पुढे एका माणसाने मला बहिणीसाठी विकत घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांच्या गडबडीत तिचा चहा रोज गार व्हायचा. "घे, आता तरी गरम पी," असं म्हणून त्याने मला तिच्या हातात दिलं आणि तो नोकरीसाठी दूरच्या गावी निघून गेला.

सुरुवातीची वर्षं छान गेली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. सकाळी आईचा कप काढून ठेवायचा, उरलेला चहा माझ्यात ओतायचा, संध्याकाळी आल्यावर आईचं करायचं, मग मला विसळायचं. दमायची, पण तोंडाची टकळी चालू असायची.

आई गेली आणि घर गप्प झालं. भाऊ आला, राहिला, परत गेला. झोप येईना म्हणून तिने थोडी दारू आणली. "झोपेपुरतीच हं," असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. ऐकायला मी तेवढा होतो. मग एका सकाळी चहाचं आधण न ठेवताच तिने माझं बूच उघडलं. आत आलं ते गार होतं. मी दचकलो. पण थर्मासने काय करायचं असतं? ओतलेलं सांभाळायचं. सांभाळलं.

"ताई, किती चहा पिता हो!" दुकानाचे मालक हसायचे. तीही हसायची आणि तोंडात लवंग टाकायची. भावाचा फोन आला की "मी मजेत" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसायची. शेजारपाजार तिने हळूहळू तोडला. तिला माझ्याइतकं जवळचं कोणी उरलं नाही, आणि मला तर तिच्याशिवाय कोणी नव्हतंच.

तिने धडपड केली नाही असं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे एकटीने रेटू नका. दारू सोडणाऱ्यांचे गट असतात, जवळचा एखादा शोधा." तिने शोधला, बस बदलून गेलीसुद्धा. पण आतून नुसते पुरुषांचे आवाज आले आणि ती जिन्यावरूनच माघारी फिरली. बसस्टॉपवर तिने माझं बूच उघडलं.

मग एकदा एक म्हातारे गृहस्थ नवा चष्मा न्यायला आले. बस चालवून निवृत्त झालेले. काडी कानामागे नीट बसते का ते बघायला तिला त्यांच्या चेहऱ्याजवळ वाकावं लागलं. लवंगेआडचा वास त्यांना ओळखीचा असावा. मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "पोरी, बुधवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही काहीजण बसतो. मीही प्यायचो. बायकाही येतात."

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "मला कशाला सांगताय?"

"मला कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून."

बुधवारी ती गेली. मला काठोकाठ भरून, पिशवीत घालून. वाचनालयाभोवती घिरट्या घातल्या आणि शेवटी आत शिरली. गोल मांडलेल्या खुर्च्या, मोजकी माणसं. तिने मला मांडीवर घट्ट धरलं. एकजण सांगत होता, मुलगी माझा फोन उचलत नाही. तिची बोटं माझ्या झाकणाभोवती फिरत होती. बोलणं संपलं, चहाचे पेले फिरले आणि किटली मध्येच आटली. शेजारी बसलेल्या, इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे आहे वाटतं. घोटभर द्या ना."

तिने मला एकदम पोटाशी ओढलं, माझ्यातलं सगळं डुचमळलं. 'संपलाय' म्हणाली असती तरी खपलं असतं.

"त्यात चहा नाही," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. कोणी मला हिसकावूनही घेतलं नाही. इस्त्रीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "मी कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत ठेवायचे. एकदा गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावरच फवारली." मग मात्र सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. बाहेरच्या मोरीत दोघींनी मिळून मला रिकामं केलं.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. एकदा तिने मला पुन्हा भरलं आणि दाराला आतून कडी लावून बसली. गटात दिसली नाही म्हणून इस्त्रीवाल्या बाई घरी आल्या. "रागवायला नाही, न्यायला आलेय," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी तिने माझं बूच फेकून दिलं आणि मला इथे वर ठेवलं. मला का फेकलं नाही, माहीत नाही. भावाने दिलेला म्हणून असेल.

मध्यंतरी भाची राहायला आली होती. "आत्या, हा चांगला आहे की! काढू का खाली?"

"राहू दे गं," ती म्हणाली.

आज बुधवार आहे. ती घाईघाईने केस विंचरतेय, किल्ली शोधतेय. ती गेली की मला एकटं वाटतं, नाही कसं म्हणू? तिच्या हाताची ऊब आठवते. तरी तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर मला धुऊनपुसून तिच्यासमोर ठेवू नका. माझं इथे बरं चाललंय.

कुलूप लागलं. जिन्यावरून तिची पावलं खाली जातायत. जाऊ द्या तिला.